श्वासातलं विरजण

मागच्या दारानं येणाऱ्या बायांसाठी

मला बरं होऊन आता काही वर्षं झाली. तरी अजून अधूनमधून एखादी बाई दुपारच्या वेळी मागच्या दारानं आत येते, पदर तोंडाशी धरून बसते. पाणी नको म्हणते, चहा नको म्हणते. पीकपाणी, लेकीबाळी सगळं बोलून झालं की हळूच म्हणते, "बाई, तुम्हाला ते झाल्तं ना, तसंच मह्या भावजयीला झाल्यावानी वाटून राह्यलं." ते म्हणजे काय, हे काही तिच्या तोंडून निघत नाही. मीच विचारते, "क्षय का?" तर अशी दचकते की जणू मी तिच्या भावजयीला तिथल्या तिथं मारूनच टाकलं.

प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा दुखतो, आणि माझ्या घशाला आता मी फार जपते. म्हणून हे लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण तोंड लहानपणापासून चालू आहे, त्याच्या भरवशावर चार गोष्टी सांगता येतील. कोणती सुई, कोणती गोळी, ते डॉक्टर सांगतील. डॉक्टरांना जे सांगायला सवड नसते, तेवढंच मी सांगणार आहे.

एका दुखण्याची तीन नावं

दसऱ्यापासून खोकला होता. संध्याकाळ झाली की अंग कोमट व्हायचं. माझी लेक शकू तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागलेली, अजून अंगावर पीत होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "लेकरू ओढून घेतंय तुला. तूप खा जरा." मी तूप खाल्लं, डिंकाचे लाडू खाल्ले, आणि वाळत गेले. एक दिवस थुंकीत लाल दिसलं. मी पायानं त्यावर माती ओढली आणि गप्प राहिले. पुढच्या वेळी माती ओढायच्या आत आत्याबाईंनी पाहिलं.

आमचे हे अंबडच्या कचेरीत कारकून. त्यांचं नाव मी इथंही घेणार नाही, सवय नाही. ते मला गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "दिक का शुबहा है." मला उर्दू कळत नाही असं दोघांनीही धरलं होतं. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या बाईला एवढंही कळणार नाही, असं पुरुषांना कसं वाटतं कोण जाणे. दिक म्हणजे क्षय, शुबहा म्हणजे संशय.

परत येताना रस्त्यात हे म्हणाले, "छातीत थोडी गरमी हाय. बिलकुल घाबरू नको." घरी आल्यावर आईला कानात म्हणाले, "मोठं दुखणं हाय." आणि शेजारच्या काकू डोकावल्या तेव्हा आत्याबाईंनी त्यांना सांगितलं, "नजर लागली पोरीला." एवढ्या वेळात माझ्या एका दुखण्याची तीन नावं झाली. खरं नाव मला ठाऊक होतं, पण मी ते जाणते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पण "हो, गरमीच असंल" म्हणून भाकरी थापायला बसले.

आम्ही बाया अशाच वाढलो. सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. बांगडी फुटली तरी ती फुटत नाही, वाढते. नवऱ्याचं नाव तर उखाण्याशिवाय नाहीच. तेव्हा शब्द झाकणं, फिरवणं, नवा घडवणं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण ते सगळं न बोलण्यासाठी शिकलो होतो. बोलण्यासाठी शब्द घडवायची पाळी माझ्यावर ह्या दुखण्यात आली.

तसंच समज

डॉक्टरांनी एक गोष्ट निक्षून सांगितली होती. लेकराला अंगावर पाजायचं नाही, जवळ निजवायचं नाही, जालन्याच्या दवाखान्यात खाट मिळेपर्यंत लांब ठेवायचं. ती गोष्ट आत्याबाईंना समजावण्याचं काम ह्यांच्याकडे आलं.

त्या दिवसांत कचेरीतलं उर्दू जाऊन मराठी येत होतं. हे रोज एखादा नवा शब्द घरी घेऊन यायचे आणि जेवताना आईला ऐकवायचे. मुद्दई म्हणायचं नाही, वादी म्हणायचं. आत्याबाई विचारायच्या, "भांडण तेच ना? मंग नाव काहून बदललं?" ह्यांना हसू यायचं. त्या दिवशी मात्र हसू नव्हतं. हे म्हणाले, "आई, तिला संसर्गाचा आजार हाय. लेकराला तिच्याजवळ देऊ नको."

"संसर्ग म्हंजे?"

हे अडले. कुठंतरी छापलेलं वाचलं होतं, पण सांगायला गेले तर पुढं शब्दच नाही. आत्याबाईच म्हणाल्या, "इटाळच ना?"

"हां, तसंच समज," हे म्हणाले आणि सुटले.

आत्याबाईंनी तसंच समजून घेतलं, आणि मनापासून पाळलं. मागच्या खोलीत माझं अंथरूण गेलं. तांब्या वेगळा, ताट वेगळं. भाकरी वरून टाकायच्या, हात लागू द्यायच्या नाहीत. शकू दारापर्यंत आली की तिला उचलून न्यायच्या. शकू रडायची आणि माझ्या अंगातून दुधाच्या धारा लागायच्या, चोळी भिजून जायची. मी म्हणायचे, आत्याबाई कडक आहेत, बरं आहे. लेकरू वाचेल.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी बंब पेटवला, शिकेकाई उकळली, स्वतःच्या हातानं वाटीभर तेल आणून ठेवलं. "न्हाऊन घे डोक्यावरून." मला वाटलं, माया आली. न्हाऊन बाहेर आले, केस अजून निथळत होते, तर त्यांनी शकूला आणून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "घे, पाज. चार दिवस नुस्तं रडून राह्यलं लेकरू. झाला आता इटाळ पुरा."

शकूनं दोन्ही हातांनी चोळी धरली. तिचं तोंड शोधत होतं. मी तिचे हात सोडवले आणि तिला खाली जमिनीवर ठेवलं. ती मागे पडली, डोकं आपटलं, आणि तिनं जो हंबरडा फोडला तो अख्ख्या गल्लीनं ऐकला असेल. मी तिला उचललं नाही.

आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आई हायस का कोण गं?"

मी म्हटलं, "ते न्हाण्यानं जात न्हाई, आत्याबाई."

"मंग इटाळ न्हाण्यानं जात न्हाई, तर कशानं जातो?"

त्या भांडत नव्हत्या. खरोखरच विचारत होत्या. मला तरी कुठं नीट कळलं होतं?

त्या संध्याकाळी ह्यांनी दुसरा शब्द काढला. "जंतू असतात, आई. डोळ्याला न दिसणारे किडे. ते तिच्या छातीत हाइत." आमच्याकडे कुणाचं फार वाईट चिंतायचं असलं तर बाया म्हणतात, किडे पडतील तुला. सुनेच्या छातीत किडे पडले म्हटल्यावर आत्याबाईंच्या डोक्यात एकच आलं, हिनं काय पाप केलं असेल? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मंगळवार धरले. माझ्या माहेरी कुणाचा तळतळाट घेतला होता का, असं आडून आडून विचारू लागल्या. आणि खरं सांगते, मी पण पडल्या पडल्या आठवू लागले की मी कुणाचं काय वाईट केलं. ताप परवडला, ते आठवणं नको.

पायरीकर

जालन्याला खाट मिळाली तेव्हा बरं वाटलं, असं म्हटलं तर लोक नावं ठेवतील. पण वाटलं. शकूच्या रडण्यापासून लांब गेले.

आमचा वॉर्ड म्हणजे एक लांब ओसरी, एका बाजूला मोकळी. ओळीनं खाटा. सकाळी दूध, मग सुई, मग मूठभर गोळ्या, मग नुसतं पडून राहायचं. ऊन सरकेल तशा खाटा सरकवायच्या. प्रत्येकीच्या उशाशी झाकणाची डबी, त्यातच थुंकायचं. पहिले काही दिवस मला त्या डबीची इतकी शिसारी यायची की मी थुंकी गिळायचे. सिस्टरनं एकदा पकडलं आणि सगळ्यांसमोर असं रागावली की मी परत कधी गिळली नाही. तिचे उपकार आहेत.

शेजारच्या खाटेवर सूरजबाई होती. नव्या जालन्यातल्या मारवाडी आडतवाल्याची सून. माझ्याच वयाची, नाजूक, आणि बोलायला माझ्यापेक्षा वरचढ. तिच्या घरून रोज गडी डबा घेऊन यायचा. तिचा नवराही रोज यायचा, पण ओसरीच्या पायऱ्यांपाशी थांबायचा. तिथूनच विचारायचा, "ठीक हो?" ही म्हणायची, "ठीक हूँ." मग तो थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. सगळ्यांचीच माणसं अशी. पहिल्या पायरीवर येऊन थांबायची, पुढं नाही. एकदा मी म्हटलं, "सूरजबाई, तुमचे पायरीकर आले बघा." ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांचं सगळ्या वॉर्डात एकच आडनाव पडलं. कुणाचे पायरीकर आले, कुणाचे पायरीकर आजकाल दिसत नाहीत. आश्चर्य म्हणजे नाव ठेवल्यावर रागच कमी झाला. आधी वाटायचं, माझ्याच माणसाला माझी किळस येते. आता कळलं की ही एक जातच आहे, घाबरलेल्या माणसांची, आणि त्यात माझा नवरा एकटा नाही.

मग आम्हाला नावं पाडायचा नादच लागला. काम ना धंदा. भेटायला माणूस आलं की जे तोंड करतो, त्याला भेटीचं तोंड. आणि एक भीती अशी होती जी मरणाची नव्हती. मरणाची भीती ताप चढला की चढायची, उतरला की उतरायची. ही दुसरी मात्र ताप नसतानाही असायची, भर उन्हात, दूध पिता पिता. माझ्यातलं काही शकूत गेलं तर नसेल? गेलं असेल तर आता काय करत असेल तिच्यात? मी तिला म्हटलं लेकधास्ती. नाव नव्हतं तेव्हा मला वाटायचं माझं डोकं फिरतंय. नाव दिल्यावर निदान सिस्टरला सांगता आलं, "सिस्टर, आज लेकधास्ती फार आहे," आणि ती दोन घटका खाटेवर येऊन बसायची.

तुमच्यापैकी कुणी पडली असेल तर माझं ऐका. जे सतावतं त्याला तुमच्या तोंडातलं नाव द्या. वेडंवाकडं असलं तरी चालेल. पण पुढचंही ऐका, कारण नाव दिलं की सगळं सुटतं असं नाही.

लुगडं

एका रविवारी हे आले. पायरीवर उभे राहून मला खूश करायला म्हणाले, "शकू आता रडत न्हाई. आईनं नामी इलाज काढलाय. तुझं ते हिरवं लुगडं, तू येताना काढून ठेवलेलं, त्याची घडी करती आन् त्याच्यावर निजवती. तुझा वास आला की गप झोपतंय लेकरू. धुऊ देत न्हाई ती, वास जाईल म्हून."

त्या लुगड्याच्या पदरात मी कित्येक दिवस खोकले होते.

"खोकते का ती?" मी विचारलं.

"थोडं थोडं. दात येऊन राह्यले म्हून असंल."

मी ओरडून सांगितलं की लुगडं जाळा. हे घाबरून हो हो म्हणाले. पण मला आमचं घर माहीत होतं. हे घरी जाऊन संसर्ग म्हणणार, जंतू म्हणणार, आत्याबाई म्हणणार, आईच्या लुगड्याचा कसला इटाळ? आणि शकू त्याच घडीवर नाक घासत झोपणार. मी आमच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंना धरलं. त्या मद्रासकडच्या, मराठी तुटकं. त्या म्हणाल्या, कपडा उकळा, उन्हात टाका, मुलीला छातीच्या फोटोला आणा. सगळं बरोबर. पण हे आत्याबाईंच्या मनात कसं घालायचं, ते त्या तरी कसं सांगणार?

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात बोंब झाली. पातेलंभर दूध दही होऊन बसलं होतं. सूरजबाईच्या डब्यातलं दही खाल्लेला चमचा कुणीतरी आदल्या संध्याकाळी दुधात बुडवला होता. वाढणारी बाई म्हणत होती, चमचा मी धुतलेला होता. सूरजबाई म्हणाली, "अरे, धोने से क्या होता है, जामन तो लग गया." जामन म्हणजे आपलं विरजण. मी खाटेवर उठून बसले.

पायरीवर

मी ह्यांना निरोप धाडला की आत्याबाईंना पाठवा, नाही पाठवलं तर मी इथून पळून येईन. आत्याबाई आल्या. त्यांनी भाकरी आणि तिळाची चटणी बांधून आणली होती. सगळ्यांसारख्याच पहिल्या पायरीवर बसल्या. मी वर, तोंडाला पदर लावून, लांब बसले.

"लुगडं जाळायला सांगून राह्यलीस म्हने," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. "लेकराला आईचा वास बी लागू देऊ नको का आता?"

मी म्हटलं, "आत्याबाई, दही कसं लावता?"

"काय?"

"विरजण लावायच्या आधी हात धुता?"

"धुते की. आन् दूध कोमट करते. हे काय इचारून राह्यलीस?"

"हात धुतले म्हून विरजण लागायचं थांबतं का?"

"हाताचा काय संबंध? थेंबभर पडलं तरी लागतं."

"दिसतं का ते लागताना?"

"दिसंल कसं? सकाळी झाकण काढलं की दही."

मी म्हटलं, "मह्या छातीत तसं विरजण पडलंय. श्वासात हाय, थुंकीत हाय. दिसत न्हाई. शकूचं दूध अजून कोमट हाय, आत्याबाई. लगेच लागंल."

त्या चटणीच्या पुडीची गाठ सोडत आणि बांधत बसल्या. मग विचारलं, "कुनी टाकलं तुह्यात?"

"कुनी न्हाई. कुनाच्या तरी खोकल्यातून उडून आलं असंल."

"मंग पाप न्हाई?"

"दही लागलं तर दुधाचं काय पाप?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं त्या इतके महिने माझ्या पापाचं ओझं एकट्या वाहत होत्या. पदरानं डोळे पुसून त्या पुढं स्वतःच बोलू लागल्या. "म्हंजे तुला न्हाऊ घातलं ते भांडं भायेरून घासल्यावानी झालं. आत दही तसंच." मग एकदम थबकल्या. "आन् दह्याचं गाडगं तसंच ठिवलं, कढत पाण्यानं न्हाई धुतलं, तर त्याच्यात दूध वतलं की आपोआप लागतं." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "ते लुगडं. बाई बाई, ते लुगडं."

त्या जेवल्या नाहीत. पुढची गाडी पकडून अंबडला गेल्या. ह्यांनी मागून सांगितलं, घरी पोचल्यावर चपलाही न काढता त्यांनी चुलीवर हंडा चढवला. लुगडं, गोधडी, माझी उशी, सगळं सोड्याच्या पाण्यात उकळलं, घराच्या धाब्यावर उन्हात टाकलं. पुढच्याच आठवड्यात शकूला कडेवर घेऊन जालन्याला फोटोला आणलं. मी ओसरीतून पाहत होते. शकूनं माझ्याकडे पाहिलं आणि आत्याबाईंच्या खांद्यात तोंड लपवलं. डॉक्टरीणबाई फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, "क्लीन. छाती क्लीन."

मी खूप रडले. आनंदानं रडले, असं सगळ्यांना सांगितलं.

सूरजबाई

विरजण हा शब्द वॉर्डभर झाला. थुंकीची तपासणी आली की बाया विचारायच्या, "मेलं का विरजण?" सूरजबाईचं मेलं नाही. गोळ्या, सुया सगळं माझ्यासारखंच, पण ती उतरत गेली. शेवटी शेवटी तिला नवीन शब्द सुचत नव्हते. मी सुचवायचे, ती मान हलवायची. एका सकाळी मी तोंड धुऊन आले तर तिच्या खाटेभोवती पडदा होता.

तिचा नवरा आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा पायऱ्या चढून वर आला. तिच्या खाटेपाशी उभा राहिला, रिकाम्या गादीवर हात ठेवला. मला त्याचा इतका राग आला की मी तोंड फिरवून घेतलं. आता वाटतं, बिचारा. पण तेव्हा राग आला, ते खरं आहे.

दह्याचं दूध

पुढं माझी थुंकी साफ येऊ लागली. परत परत साफ आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घरी जा, वेगळं निजा, तपासायला येत राहा, मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी इतके दिवस जगले होते.

घरी आले. आत्याबाईंनी माझ्या खोलीला चुना मारून घेतला होता, खिडकीला नवा पडदा लावला होता. दारात भाकरतुकडा ओवाळला. शकू त्यांच्या पदराआडून बघत होती. वाढली होती. वेणी घालण्याइतके केस झाले होते. मी हात पुढं केले.

आत्याबाईंनी तिला मागं घेतलं. "लांबून बघ."

"डाक्टरीणबाई म्हनल्या, आता चालतं."

"त्या म्हनत असतील." त्यांनी माझी नजर चुकवली नाही. "पर दह्याचं दूध होतंय व्हय, यमुना? तूच सांगितलं मला."

होत नाही दह्याचं दूध. मी घडवलेला शब्द होता तो, आणि चोख होता. पण त्याला मागं फिरायची वाट नव्हती. लेकराला वाचवताना मला ते सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मी तोच वापरला असता.

मी दुसरा शोधला. काही दिवसांनी म्हटलं, "आत्याबाई, विरजण न्हाई म्हनू. गढूळ पानी म्हना. मी आता निवळले."

त्या तुरटी फिरवत होत्या घागरीत. म्हणाल्या, "निवळलं म्हंजे माती गेली का? खाली बसली. ढवळलं की पुन्हा वर." हेही खोटं नव्हतं, कारण डॉक्टरीणबाईंनी मलाही जवळजवळ तेच सांगितलं होतं. दगदग करू नका, उपास करू नका, जपा, ते परत उठू शकतं. बरी आहे पण उद्याचं सांगता येत नाही, आणि तरी आज लेकराला धोका नाही, एवढं सगळं एका शब्दात मावेल असा शब्द मला सापडला नाही. अजून सापडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडला तर मागच्या दारानं येऊन सांगा.

ह्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, "थोडा सब्र कर." मला चीड यायची. रात्रंदिवस एकाच छपराखाली माझी लेक, आणि मला तिच्या केसांना तेल लावता येत नाही. आत्याबाईंचा द्वेष करावासा वाटे, आणि करता येत नसे. त्यांनी शकूला घास भरवायच्या आधी हात तीनतीनदा धुतलेले मी पाहत होते.

काय म्हणू

एके दुपारी आत्याबाई अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या. शकू माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आली. ती रोज यायची, उभी राहायची, जायची. त्या दिवशी गेली नाही.

"तुला काय म्हनू?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"आई तिकडं हाय," तिनं अंगणाकडे बोट केलं. "बाबा कचेरीत हाइत. तुला काय म्हनू?"

मी नव्हते तेव्हा ती बोलायला लागली होती. जी उचलते, भरवते, निजवते ती आई, हे तिनं आपलं आपणच धरलं होतं. घरात माझं नाव कुणी काढत नव्हतं, लेकरू रडेल म्हणून. अशुभ नको म्हणून. कुणाचंच चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मी अंगणाकडे पाहिलं. आत्याबाईंचा सुपावरचा हात थांबला होता. त्या वळल्या नाहीत. त्या बोलू शकल्या असत्या, आणि मीही बोलू शकले असते. तो शब्द मला घडवावा लागणार नव्हता, तयार होता. पण तो घ्यायचा तर ज्या बाईनं हंडे उकळून माझं लेकरू जगवलं तिच्या अंगावरून ओढून घ्यावा लागणार होता. माझ्यानं ते झालं नाही.

मी म्हटलं, "बाई म्हण. गल्लीत सगळे तेच म्हणतात."

"बाई," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली. सूप पुन्हा चालू झालं. त्या दिवशी मी शकूची वेणी घातली.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. लेकराला लांब ठेवा. जीव तुटला तरी ठेवा. पण घरातल्यांना शपथ घालून जा की रोज एकदा तरी त्याच्यासमोर म्हणा, तुझी आई दवाखान्यात आहे, तुझी आई येणार आहे. रडलं तर रडू द्या.

आत्याबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. शकू आता शाळेत जाते, धडधाकट आहे, झाडावर चढते. गेल्या महिन्यात तिला ताप आला होता, साधाच, पडशाचा. दुपारी ग्लानीत ती सारखी "आई, आई" करत होती. मी उशाशीच होते. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "आहे गं मी इथंच."

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, "बाई, तू न्हाई. आई."

मी तिच्या कपाळावरची घडी भिजवून परत ठेवली.